कडुनिंबाची चांदी आणि मान टाकणारा टोमॅटो

पत्र :

सर, नमस्कार. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला आमचा ३० गुंठे टोमॅटो आहे. लावण होऊन दोन महिने झाले. खालच्या पानांवर गोल-गोल काळपट डाग पडलेत, डागात वर्तुळं दिसतात. शिवाय आता नवीनच चालू झालंय. चांगलं हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरतं आणि तिसऱ्या दिवशी जातं. ओढ्याकडच्या चार सऱ्यांत जास्त आहे.

परवा दूध संस्थेत एक जण बाटली घेऊन आला होता. 'कडुनिंबापासून बनवलेलं नॅनो सिल्व्हर, शंभर टक्के वनस्पतिजन्य, करपा-मर-व्हायरस सगळ्यावर चालतं, अंश राहत नाही.' पाव लिटरला १,२०० रुपये. शेजाऱ्यानं मारलं, त्याचा करपा थांबला म्हणतो. आमची थोरली कोल्हापुरात एम.एस्सी.ला आहे. ती म्हणते, पप्पा, एवढे पैसे कशाला, सिल्व्हर नायट्रेट आणून कडुनिंबाच्या पाल्यात मी घरीच करून देते, प्रयोगशाळेत केलंय आम्ही. मंडळींना ते पटत नाही, स्वयंपाकघरात असलं काही नको म्हणतात. बाटली घेऊ, का पोरीचं ऐकू, का दोन्ही सोडू?

— एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर :

दादा, तुमच्या पत्रात बाटलीबद्दल पाच-सहा ओळी आहेत आणि ओढ्याकडच्या चार सऱ्यांबद्दल एकच. मला मात्र त्या एका ओळीनं जास्त काळजी लावली, म्हणून सुरुवात तिथनं करतो.

तुमच्या रानात दोन रोग आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. खालच्या पानांवरचे वर्तुळांचे डाग हा लवकर येणारा करपा. आल्टर्नेरिया नावाच्या बुरशीचा. हा पानावर बसतो, पानावरच वाढतो, त्याच्यावर फवारणीचा उपाय आहे. हिरवं झाड मान टाकतं ते मात्र वेगळं प्रकरण. तो बहुतेक जिवाणूजन्य मर रोग असावा, राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूचा. 'बहुतेक' म्हणतोय, कारण मी झाड बघितलेलं नाही. पण तुम्हाला घरबसल्या खात्री करता येईल.

उद्या सकाळी नुकतंच मान टाकलेलं एक झाड मुळासकट उपटा. जमिनीलगतचा बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा धारदार विळ्यानं कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा दोऱ्यानं असा टांगा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल, आणि ग्लास न हलवता पाच-दहा मिनिटं बघत बसा. कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार हळूहळू खाली उतरताना दिसली, तर जिवाणूच. धार नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात, आणि मरण्याआधी पानं एका बाजूनं पिवळी पडत होती, तर बुरशीची मर, म्हणजे फ्युजेरियम. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हा ग्लास बाटलीच्या आधी.

पांढरी धार निघाली तर ऐका. हा जिवाणू मातीत राहतो, खुरपणीत दुखावलेल्या किंवा सूत्रकृमींनी भोकं पाडलेल्या मुळातून आत शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत चिकट बुळबुळीत द्रव भरून टाकतो. झाड तहानेनं मरतं, आणि तेही सरीत पाणी उभं असताना. म्हणून तर पान पिवळं पडायला सवड मिळत नाही, हिरव्याचं हिरवंच वाळतं. आता मला सांगा, पानावर मारलेला फवारा त्या नळीत पोचणार कसा? नॅनो असो, कडुनिंबाचं असो, विलायती असो. बाटलीवर 'करपा, मर, व्हायरस' असं एका दमात लिहिलंय, तिथंच माझा विश्वास उडाला. बुरशी, जिवाणू आणि विषाणू ही तीन वेगळी जातकुळी. व्हायरस आलेल्या झाडाला बरं करणारं औषध अजून कुणाकडे नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे आवरायचे, रोगट झाडं उपटायची, एवढंच हातात असतं.

ओढ्याकडच्याच सऱ्या का, तर हा जिवाणू पाण्यातून प्रवास करतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी तुमच्या पट्ट्यात रानारानांतून फिरलं, कुणाच्या वांग्यातली माती कुणाच्या टोमॅटोत गेली याचा हिशेब कोण देणार. शिवाय तुमच्याकडे निचऱ्याची बोंब आहेच. क्षारपड नसलेली रानंसुद्धा ओढ्याच्या अंगाला वाफशावर यायला वेळ लावतात. या जिवाणूला तेच आवडतं.

मग करायचं काय? मेलेली झाडं मुळाभोवतीच्या मातीसकट उचला, खताच्या पोत्यात भरून रानाबाहेर न्या आणि जाळा. ओढ्यात टाकू नका, खालचे लोक तेच पाणी उपसतात. त्या चार सऱ्यांचं पाणी बाकीच्या रानात जाऊ देऊ नका, ठिबक असेल तर त्या ओळींचे कॉक बंद करा. त्या सऱ्यांत चालवलेलं खुरपं धुतल्याशिवाय दुसरीकडे लावू नका. आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या तुकड्यात टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी, बटाटा यातलं काही नको, ही सगळी एकाच घरातली. मका, ज्वारी किंवा आपला ऊस घ्या. शिरोळकराला ऊस लाव म्हणून सांगावं लागत नाही, पण इथं तो खरोखर औषध म्हणून सांगतोय.

पुढच्या हंगामाला टोमॅटोच करायचा असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' हे संकरित वाण बघा. पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. बाटलीवाला जे तोंडानं सांगतोय, त्यातलं बरंचसं काम बियाण्यातच करून ठेवलेलं आहे. फक्त तुमच्या व्यापाऱ्याला त्या फळाचा आकार चालतो का, ते आधी विचारा. रानवांग्याच्या मुळावर कलम केलेली रोपं हा दुसरा मार्ग. महाग पडतो, पण मर लागलेल्या रानात पैसे वसूल करतो.

आता बाटलीकडे वळू. मी नॅनोच्या विरोधात नाही, उलट मला त्यात रस आहे. म्हणूनच जरा खोलात सांगतो.

एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या, साखरेच्या मोठ्या क्यूबएवढा. त्याचं सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! चांदी तेवढीच, पण रोगाच्या अंगाला लागायला सहा गुंठ्यांची जागा तयार झाली. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, आणि नॅनो कण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा. इतके बारीक कण जिवाणूच्या किंवा बुरशीच्या पेशीच्या आवरणाला चिकटतात, त्याला भोकं पाडतात, चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सोडतात, पेशीच्या आतला कारभार बिघडवतात. तांब्याचे आणि जस्ताचे कणही असंच काहीसं करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत आणि कुंडीतल्या रोपांवर टोमॅटोच्या करप्यापासून मर रोगापर्यंत अनेक रोगांवर याचे चांगले परिणाम दिसलेले आहेत. हे खोटं नाही.

मग 'वनस्पतिजन्य' म्हणजे काय? गुऱ्हाळावर तुम्ही उभे राहिला असालच. काहिलीत रस उकळत असताना गुळव्या रानभेंडीचा चिकट रस सोडतो, मळी वर येते, ती काढून टाकतात आणि गूळ स्वच्छ उतरतो. त्या गुळाला आपण भेंडीचा गूळ म्हणतो का? उसाचाच म्हणतो. कडुनिंबाच्या पाल्याचं इथं तेच काम आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात विरघळलेली चांदी असते. पाल्याच्या काढ्यातली फ्लेवोनॉइड्स, टॅनिन असली द्रव्यं त्या विरघळलेल्या चांदीचे घट्ट बारीक कण बनवतात आणि त्या कणांवर पातळ लेप देतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. एरवी हेच काम करायला बऱ्याचदा घातक रसायनं लागतात, ती वाचतात. म्हणून या रीतीला हिरवी रीत म्हणतात, आणि ती कौतुकाची आहे. पण हिरवी आहे ती रीत. बाटलीत आहे ती चांदी. 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' हे वाक्य त्यामुळे सरळ खोटं आहे, आणि 'अंश राहत नाही' हे त्याहून मोठं खोटं. चांदी कुजत नाही, उन्हानं विरत नाही. पानावरून मातीत जाते आणि तिथंच राहते.

आणि मातीत गेल्यावर ती ओळखपाळख बघत नाही. राल्स्टोनियाला मारू शकणारी गोष्ट ट्रायकोडर्मा या मित्र बुरशीला, स्युडोमोनास या मित्र जिवाणूला, नत्र फिरवणाऱ्या जिवाणूंनाही त्रास देऊ शकते. तुम्ही शेणखतात ट्रायकोडर्मा कालवून टाकायचा, आणि वरून नॅनो चांदी मारायची? एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं झालं ते.

गुऱ्हाळाचा दाखला इथं संपत नाही. प्रत्येक काहिलीचा गूळ वेगळा उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. उसाची जात, रान, आडसाली की खोडवा, आच किती, सगळ्यावर ठरतं. पाल्याचंही तसंच. उन्हाळ्यातला कडुनिंब आणि पावसाळ्यातला कडुनिंब यांचा काढा सारखा नसतो, त्यातून बनणाऱ्या कणांचा आकारही बदलतो. २० नॅनोमीटरचा कण आणि २०० नॅनोमीटरचा गोळा यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक. चांगला गुळव्या बोटावर पाक घेऊन सांगतो. नॅनो कण बोटावर कळत नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ज्या बाटलीवर कणाचा आकार नाही, चांदी किती ते नाही, बॅच क्रमांक नाही, ती बाटली म्हणजे तपकिरी पाणी. कदाचित नुसता पाल्याचा काढाही असेल. तसं असलं तर निदान चांदी तरी नाही, एवढंच समाधान.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि बुरशीनाशकं त्यातच येतात. रोग बरा करतो असा दावा करून काही विकायचं असेल तर केंद्रीय नोंदणी समितीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक, घटकांचं प्रमाण, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण, कोणत्या पिकावर, किती मात्रा, फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं, हे सगळं लेबलवर असतं. काही जण त्यातून निसटायला 'जैव-उत्तेजक' म्हणून विकतात. जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण ती वाढीसाठी आणि ताण सोसण्यासाठी. त्यांना करप्याचं नाव घेता येत नाही. दुकानातला नॅनो युरियाही २०२१ चाच आणि परवानगीचाच, पण ते खत. त्याला मान्यता मिळाली म्हणून 'नॅनो' लिहिलेली प्रत्येक बाटली पावन होत नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० साली शेतीतल्या नॅनो निविष्ठा कशा तपासायच्या याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे दार बंद नाही, दारातून नीट यायचं आहे. दूध संस्थेच्या कट्ट्यावरून नव्हे.

शेजाऱ्याचा करपा थांबला, म्हणालात. थांबला असेल. पण त्याच पंपात त्यानं आणखी काय काय ओतलं होतं? खालची रोगट पानं काढली होती का? आणि फवारणीनंतर आठवडाभर उघडीप होती का? करप्याला पान ओलं लागतं. पाऊस थांबला की तो निम्मा आपोआप थांबतो, आणि श्रेय शेवटच्या बाटलीला जातं. एखादी सरी न फवारता सोडली असती तर कळलं असतं. आपण शेतकरी ती सरी कधी सोडत नाही, जीव तुटतो. पण शेतीतलं शहाणपण त्या सोडलेल्या सरीतूनच आलंय. बोर्डो मिश्रणाची गोष्ट तशीच आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकलीत आणि आतल्यांची केवडा नावाच्या रोगानं गळलीत. आतल्या वेली न शिंपडलेल्या होत्या म्हणून फरक दिसला! तरी त्यानं लगेच बाटली काढली नाही. तपासत बसला आणि १८८५ साली जाहीर केलं.

तुमच्या करप्याला आजही तेच मिश्रण चालेल. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी पिंपात नाही. (मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लोखंडी पिंपात केलं होतं. पिंप गेलं, मिश्रण गेलं, आणि सगळ्या गावासमोर माझी साहेबगिरी गेली.) १ टक्क्याला १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. कोवळ्या झाडाला याहून कमी ताकदीचं घ्या. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केलेलं त्याच दिवशी संपवा. ते करायचं नसेल तर टोमॅटोच्या करप्यासाठी नोंदणी असलेलं बुरशीनाशक परवानाधारक दुकानातून घ्या आणि लेबलवरचे थांबायचे दिवस पाळा, तोडा चालू आहे तुमचा. पण त्याआधी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढा आणि झाडं तारेला नीट बांधा. मातीचा शिंतोडा पानाला लागला नाही की निम्मा करपा तिथंच अडतो. हे काम फुकट आहे, म्हणून ते विकायला कुणी येत नाही.

राहिली थोरली. दादा, पोरीला नाही म्हणू नका, पण स्वयंपाकघराबद्दल वहिनी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की काळा डाग पडतो, तो कातडी बदलेपर्यंत जात नाही. डोळ्यात गेलं तर इजा, पोटात गेलं तर विष. ज्या पातेल्यात ते केलं ते पातेलं परत दुधाला वापरायचं नाही, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, कारण मोरी शेवटी परसात जाते आणि परसात भाजी असते. प्रयोगशाळेत तिला हातमोजे, चष्मा आणि टाकाऊ पाण्याचं वेगळं भांडं असतं, घरी यातलं काय आहे? शिवाय काढा तपकिरी झाला म्हणजे कण तयार झाले एवढंच कळतं. केवढे झाले, किती झाले, नायट्रेट किती उरलं, ते घरी कळायचं नाही. आणि ३० गुंठ्यांवर, तोडा चालू असलेल्या फळावर फवारायचं? कागलच्या बाजारात किंवा शाहू मार्केट यार्डात ते फळ कोण्या लेकराच्या ताटात जाणार आहे.

पण तिच्या डोक्यात आलंय ते वाया घालवू नका. तिला म्हणावं, तुझ्या मार्गदर्शक सरांशी-मॅडमशी बोल. नॅनोविज्ञान शिवाजी विद्यापीठात शिकवतात, वनस्पतिरोगाची माणसं कृषी महाविद्यालयात आहेत, या दोघांची गाठ कुणीतरी घालायला हवी, ती तीच घालू दे. तुमच्या मेलेल्या झाडातला जिवाणू हा तिच्या प्रकल्पाला अस्सल माल आहे. कुंड्यांत, विद्यापीठाच्या आवारात, खायची नाहीत अशी रोपं लावून, काही न मारलेली, काही नुसता पाल्याचा काढा मारलेली आणि काही नॅनो मारलेली. तो नुसत्या काढ्याचा गट विसरू नको म्हणावं, बरेच जण विसरतात आणि मग काम चांदीनं केलं की कडुनिंबानं, ते सांगता येत नाही. माझी खासगी पैज विचाराल तर, या विद्येचा आपल्याला पहिला उपयोग होईल तो उभ्या पिकात नव्हे, बियाण्यावर आणि रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये. तिथं मात्रा थेंबभर लागते आणि फळ तोडायला अजून दोन-अडीच महिने असतात.

आत्ताचं बघा. ग्लासात पांढरी धार दिसली तर एक-दोन ताजी रोगट झाडं मुळं आणि मातीसकट कागदात गुंडाळून तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, वाटेतच कुजतात. धार दिसली नाही तर खोड उभं चिरून त्याचा उजेडातला फोटो मला पाठवा, मग बुरशीच्या बाजूनं बघू. आणि बाटलीवाला परत आलाच तर भांडू नका. नुसती परवाना क्रमांक घातलेली पक्की पावती मागा. दिली तर लेबलचा फोटो काढून तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या गुणनियंत्रण निरीक्षकांना दाखवा. नाही दिली, तर १,२०० रुपयांत बांबू आणि सुतळी येते, बांधणीला कमी पडत असेल.